पोरगी मिडफिल्डर व्हायचं म्हणतेय? मग तेराव्या वर्षापासून पहिल्या काँट्रॅक्टपर्यंत काय काय करायचं

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या लाइनीत कोणीतरी मला गाठतंच. अरे तुझी लेक सॉकर खेळते ना, आमची पण तेरा वर्षांची झाली, कोच म्हणतो सेंटर मिडला छान खेळते, प्रो व्हायचं डोक्यात घेतलंय तिने, आता आम्ही काय करायचं? मग मोदक हातात धरून मी अर्धा तास बोलतो आणि घरी जाताना बायको म्हणते, एकदाच लिहून का टाकत नाहीस. तर हे लिहितोय. मी कोच नाही हे आधीच सांगतो. मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार फुटबॉल बघत वाढलो, त्यामुळे बाहेर उभं राहून ओरडता उत्तम येतं, बाकीचं सगळं इथं न्यू जर्सीत लेकीच्या मागं खुर्च्या, डबे आणि ओले मोजे वाहत शिकलो. ती आता कॉलेजात खेळते. आणि हो, इथं राहताय तर सॉकरच म्हणा, फुटबॉल म्हटलं की लोक हेल्मेटवाला समजतात.

पहिलं काम, ती मिडफिल्डमध्ये नेमकं काय खेळते ते समजून घ्या. नुसतं "मधे खेळते" म्हणून भागत नाही. कोच लोक नंबरात बोलतात, ६, ८ आणि १०. सहा नंबर म्हणजे बचावाच्या पुढं उभी राहून घाण उपसणारी, बॉल हिसकावून शांतपणे दुसरीला देणारी, हिचं नाव मॅचनंतर कोणी घेत नाही. आठ नंबर दोन्ही टोकांना पळते, फुप्फुसं बैलाची लागतात. दहा नंबर म्हणजे शेवटचा पास देणारी, जिच्या आईबाबांकडे भरपूर व्हिडिओ असतात. तेराव्या वर्षी प्रत्येकीला दहाच व्हायचं असतं. पण हे नंबर पक्के नसतात बघा. सॅम कॉफी पेन स्टेट युनिव्हर्सिटीत दहा नंबरसारखी खेळायची, २०२२ मध्ये पोर्टलँड थॉर्न्स ह्या प्रो क्लबात तिला सहा नंबरला आणलं, त्याच वर्षी टीम चॅम्पियन झाली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये हिच्या गळ्यात ऑलिंपिक गोल्ड. लिंडसी होरान तर पॅरिसच्या क्लबात चक्क फॉरवर्ड म्हणून गोलवर गोल करत होती, २०१६ ला अमेरिकेत परत येऊन पोर्टलँडला मिडफिल्डर झाली आणि २०१८ मध्ये एनडब्ल्यूएसएल ह्या इथल्या बायकांच्या प्रो लीगची एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. म्हणून कोच म्हणाला हिला सहा नंबरला खेळवून बघतो, तर पार्किंगमध्ये त्याला गाठून भांडू नका. मी भांडलेलो आहे. लेक दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी.

आता खरी गोष्ट, आणि ही फुकटात होते. बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागं बघणं. मिडफिल्डर चारी बाजूंनी वेढलेली असते, विंगरला, म्हणजे कडेनं खेळणारीला, निदान एक बाजू साइडलाइनची असते, हिला कुठलीच भिंत नाही, त्यामुळे बॉल पायात आल्यावर बघायला लागली की संपलं, मागनं कोणीतरी येऊन ठोकतंय. पुढच्या मॅचला एक करा. गोल, पास काही मोजू नका, कागदावर फक्त काड्या ओढा, बॉल तिच्याकडे यायच्या आधी मान वळली की एक काडी, न वळता बॉल घेतला की गोळा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पहिल्या हाफमध्ये चार काड्या आणि एकोणीस गोळे, नोव्हेंबरची मॅच, टर्फवर वारं असलं की पेन चालेना, शेवटी शिनगार्डच्या खोक्यावर पेन्सिलीनं ओढल्या. गाडीत तो खोका तिच्या हातात दिला, एक शब्द बोललो नाही. तिनं काय करावं, फोनमध्ये आपलीच मॅच लावून परत मोजल्या आणि म्हणाली, बाबा पाच आहेत, एक चुकवलीस. त्या दिवसापासून ती काड्या माझ्याकडून मागून घ्यायला लागली.

घरी सराव कसा करायचा, तर गॅरेजचा दरवाजा आहे ना, तोच. त्यापासून आठ-दहा पावलांवर तिला उभं करायचं, तिनं बॉल दरवाजावर मारायचा, तो परत येईपर्यंत मागं वळून बघायचं, तुम्ही मागं उभं राहून बोटं वर करायची, दोन, पाच, काय असेल ते, तिनं आकडा ओरडायचा आणि मगच बॉल घ्यायचा, तोसुद्धा सरळ उभं राहून नाही, अर्धं अंग वळवून, लांबच्या पायानं, म्हणजे पहिल्या टचलाच तोंड पुढं झालेलं पाहिजे. दहा मिनिटं उजवीकडून, दहा डावीकडून. शेजारी वैतागतात, दरवाजाला पोचे पडतात, आमच्या दरवाजाचा खालचा भाग तर पत्र्याच्या डब्यासारखा झाला होता, पण हजारो डॉलरच्या कॅम्पमध्ये जे शिकवतात त्यातलं निम्मं हेच असतं. साधारण तेराव्या वर्षी मैदान ९ विरुद्ध ९ वरून ११ विरुद्ध ११ चं होतं, बॉल पण ४ नंबरवरून ५ नंबरचा होतो, आणि आधी चमकणाऱ्या कित्येक पोरी त्या एवढ्या मोठ्या मैदानात हरवून जातात, त्या वर्षी तर हे बघण्याचं काम अजिबात सोडू नका.

मग येतो क्लबचा विषय आणि इथं आपण मराठी आईबाप हमखास फसतो, कारण आपल्याला शाळा निवडल्यासारखा क्लब निवडायचा असतो, नाव मोठं कुणाचं. मुलींच्या क्लबांच्या वरच्या लीगा म्हणजे ईसीएनएल आहे, गर्ल्स अकॅडमी आहे, त्यांच्या खाली बाकीच्या लीगा आहेत, कॉलेजचे कोच वरच्या दोन लीगांच्या मॅचेसना जास्त येतात हे खरंच आहे, खोटं नाही सांगत. पण माझं मत ऐकायचं तर पंधरा ते अठरा या वयात बॅजपेक्षा मिनिटं बघा. म्हणजे मॅचमध्ये किती मिनिटं आणि त्यातली मधोमध किती. आम्ही मोठ्या बॅजच्या मागं लागून एका क्लबात गेलो (नाव नको), फी काही हजार डॉलर, जर्सी झकास, आणि पोरगी पहिलं अख्खं वर्ष अर्धा वेळ बेंचवर, उरलेला वेळ राइट बॅकला, म्हणजे उजव्या कडेला बचावात. तिकडे तिला साइडलाइनची भिंत मिळाली आणि मान वळवायची सवय मोडली. पुढच्या वर्षी एक पायरी खालच्या क्लबात गेली, तिथं पूर्ण मॅच आठ नंबरला खेळायची, आणि जे कोच आधी तिला बेंचवर बघून निघून गेले होते तेच आता मेलला उत्तर द्यायला लागले. ट्रायआउटला कोचला सरळ विचारा, हिला कुठल्या जागेवर बघताय, त्या जागेवर तुमच्याकडे आधीच किती पोरी आहेत. उत्तर गोलगोल आलं की समजून जा.

ह्याला पुरावा पाहिजे तर आपल्या जर्सीचाच देतो. टर्नपाइक पकडून खाली गेलात की तासाभरात डेलरन नावाचं गाव लागतं. कार्ली लॉइड तिथली, जन्म १९८२ चा. तिच्या वेळी सॉकरमधलं मोठं नाव म्हणजे नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी, सगळ्यांना तिकडेच जायचं असायचं. ही गेली घराजवळच्या रटगर्स युनिव्हर्सिटीला. २००१ ते २००४ चार वर्षं पहिल्या दिवसापासून खेळली, ५० गोल मारले, कॉलेजचा रेकॉर्ड. मोठ्या टीमात चौथ्या नंबरची मिडफिल्डर म्हणून बेंचवर बसली असती तर काय झालं असतं कोणाला माहीत.

पण कार्लीची गोष्ट सांगायचं कारण वेगळं आहे. २००३ मध्ये तिला अमेरिकेच्या २१ वर्षांखालच्या टीममधून काढलं. ती सॉकर सोडायच्या गोष्टी करत होती. तेव्हा जेम्स गॅलानिस नावाचा कोच भेटला, साउथ जर्सीत शिकवायचा. त्यानं तिच्या खेळाचे पाच भाग पाडले, तंत्र, खेळाची समज, शरीर, मनाचा खंबीरपणा आणि वृत्ती, आणि तोंडावर सांगितलं की पहिले दोन तुझ्याकडे आहेत, बाकीचे तीन नाहीत. म्हणजे पोरगी बॉलवर लय भारी होती पण दम नव्हता, आणि चूक झाली की दुसऱ्यावर ढकलायची. मग धावणं, जोर, सगळं पहिल्यापासून. २००५ च्या जुलैमध्ये, तेवीस पूर्ण व्हायला आठवडा राहिला असताना, ती युक्रेनविरुद्ध सीनियर टीममधून पहिल्यांदा खेळली. २००८ ला बीजिंग ऑलिंपिक फायनल, ब्राझीलविरुद्ध ०-० वरून जादा वेळ, आणि ९६ व्या मिनिटाला हिचाच गोल, १-० नं गोल्ड. टीममधून काढल्यापासून पाच वर्षांत. आणि मधल्या काळात अमेरिकेत बायकांची प्रो लीगच नव्हती हे लक्षात घ्या, पहिली लीग २००३ लाच बंद पडली आणि दुसरी २००९ ला सुरू झाली.

म्हणून पोरगी कुठल्या टीममधून कट झाली की दोन गोष्टी करा. पहिला दिवस काही बोलू नका, वरणभात खायला घाला. दुसऱ्या आठवड्यात तिलाच कोचला मेल लिहायला सांगा, मला कुठल्या तीन गोष्टींवर काम करायला पाहिजे, एवढं एकच वाक्य. "का काढलं" असं विचारायचं नाही. बहुतेक कोच उत्तर देतात. ते उत्तर फ्रिजवर लावा आणि सहा महिन्यांनी परत त्याच कोचला दाखवायला जा.

आता शरीर. ह्या भागात मी थोडा कडक होणार आहे कारण ह्यात आपण निष्काळजी असतो. मुलींमध्ये गुडघ्याचं एसीएल नावाचं लिगामेंट तुटायचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त असतं, आणि तुटलं की ऑपरेशन, मग निदान नऊ महिने मैदानाबाहेर. अकरावीतल्या पोरीचे नऊ महिने म्हणजे कॉलेज रिक्रूटिंगचं अख्खं वर्ष. फिफा ११ प्लस नावाचा वॉर्मअप आहे, फुकट मिळतो, वीसेक मिनिटांचा, पळणं, मग ताकद आणि तोल, उड्या मारून नीट जमिनीवर उतरणं, मग परत पळणं, ह्याने इजा बऱ्यापैकी कमी होतात हे अभ्यासांत दिसलंय. क्लबमध्ये करून घेत नसतील तर पोरीला वीस मिनिटं आधी नेऊन सोडा. उतरताना गुडघे आत वळतायत का तेवढं समोर उभं राहून बघा.

दुसरं, लोह. आपल्या घरात शाकाहारी पोरी, वर पाळी, वर आठवड्याला चार प्रॅक्टिस. पोरगी दुसऱ्या हाफमध्ये पाय ओढायला लागली की आपण म्हणतो आळशी झाली, फोन कमी कर. डॉक्टरला सांगून फेरिटिनची, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची, टेस्ट करून घ्या. मटकीची उसळ, वर लिंबू पिळून, पालक, खजूर, अंडं चालत असेल तर अंडं, आणि जेवणाला लागून चहा नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. आणि पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर "खेळाडू आहे, होतं असं" म्हणून सोडून देऊ नका, खेळाच्या मानानं खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, सरळ डॉक्टरकडे.

नववी-दहावीत कॉलेजच्या कोचना मेल सुरू करा. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची संघटना, तिच्या सगळ्यात वरच्या पायरीचा, डिव्हिजन १ चा, नियम असा आहे की दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कोच तिच्याशी थेट रिक्रूटिंगचं बोलू शकत नाहीत, पण ती मेल पाठवू शकते आणि ते मेल वाचतात. कॉलेजला भेट द्यायचं अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून. मेलच्या वरच नाव, कुठल्या वर्षी पास होणार, जागा, क्लब, जर्सी नंबर, आणि पुढच्या टुर्नामेंटचं वेळापत्रक कुठल्या मैदानावर किती वाजता, एवढं पाहिजे. मेल तिनंच लिहायचा. मी शहाणपणा केला होता, तिच्या नावानं छान इंग्रजीत मीच लिहिला, त्यात ठोकून दिलं की तुमच्या टीमची प्रेस करायची (बॉल हिसकावायला समोरच्यांवर तुटून पडायची) पद्धत मला खूप आवडते. १५ जूनला एका कोचचा खरंच फोन आला आणि पहिलाच प्रश्न, आमच्या प्रेसमधलं तुला काय आवडलं? स्पीकरवर होता फोन. मी आणि ती, दोघं एकमेकांकडे बघतोय.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, त्याहून मोठा कोणी बघत नाही, सगळ्यात भारी क्लिप आधी, प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला तिच्याभोवती गोल काढा म्हणजे बघणाऱ्याला शोधायला लागत नाही. फॉरवर्डचा व्हिडिओ गोल दाखवतो, मिडफिल्डरचा तसा करू नका. बॉल यायच्या चार-पाच सेकंद आधीपासून क्लिप चालू करा, तिची मान वळताना दिसली पाहिजे, मग टच, मग पास, आणि पास दिल्यावर ती कुठं पळाली ते पण राहू द्या. बॉल हरवल्यावर परत मिळवलेल्या दोन क्लिप घाला. कॅमेरा लांबून, उंचावरून, झूम करायचा नाही आणि आवाज बंद, कारण त्यात तुम्ही ओरडताय. खाली एका पूर्ण मॅचची लिंक. अभ्यासाचं म्हणाल तर डिव्हिजन १ साठी हायस्कूलचे ठरलेले १६ कोअर कोर्स आणि त्यात किमान २.३ जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, आपल्या घरात ही अडचण सहसा येत नाही. स्कॉलरशिपचं गणित मात्र २०२५ मध्ये बदललं. आधी टीममागं जास्तीत जास्त १४ पूर्ण स्कॉलरशिप आणि त्या वाटून द्यायचे, आता नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना तो आकडा नाही पण टीम २८ जणींचीच, म्हणजे पैसे वाढू शकतात पण जागा आटल्या. प्रिन्स्टनसारख्या आयव्ही लीगवाल्यांकडे आणि डिव्हिजन ३ मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच.

कॉलेजचा सीझन ऑगस्ट ते नोव्हेंबर, फारतर डिसेंबर. उन्हाळा रिकामा, तेव्हा यूएसएल डब्ल्यू लीगसारख्या उन्हाळी लीगमधल्या टीममधून खेळता येतं, पगार घेतला नाही की कॉलेजची पात्रता जात नाही. कार्लीही उन्हाळ्यात अशाच टीमांमधून खेळायची.

कॉलेज न करता थेट प्रो? होतं. होराननं २०१२ मध्ये अठराव्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनाची स्कॉलरशिप सोडून पॅरिस सेंट जर्मेनशी काँट्रॅक्ट केलं, हायस्कूलमधून थेट प्रो जाणारी पहिली अमेरिकन बाई. ऑलिव्हिया मौल्ट्रीनं तर २०२१ मध्ये लीगच्या अठरा वर्षांच्या अटीविरुद्ध कोर्टात केस केली आणि पंधराव्या वर्षी पोर्टलँडसाठी उतरली. दोघी आता मिडफिल्डर. पण माझं स्पष्ट मत, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तुमच्या पोरीसाठी तो रस्ता नाही, ज्यांच्यासाठी असतो त्यांच्या दारात क्लब स्वतः येऊन उभे राहतात.

बाकीच्यांसाठी कॉलेजनंतर. आधी एनडब्ल्यूएसएलचा ड्राफ्ट असायचा, म्हणजे क्लब पाळीपाळीनं पोरी निवडायचे, ज्यानं निवडलं तिकडं गपगुमान जायचं. रोझ लव्हेल विस्कॉन्सिनमधून २०१७ ला ड्राफ्टमध्ये पहिली निवडली गेली, बोस्टनकडे, पहिल्या सीझनचा मोठा भाग मांडीच्या दुखण्यात गेला आणि पुढच्या जानेवारीत क्लबच बंद, मग वॉशिंग्टनला रवानगी. तीच पुढं २०१९ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये गोल मारून गेली. २०२४ ला लीगचा खेळाडूंशी नवीन करार झाला आणि ड्राफ्ट बंद, आता पोरगी आणि तिचा एजंट क्लब निवडतात. मग निवडताना परत तेच, मिनिटं. तिच्या जागेवर तिथं कोण आहे, तिचं वय काय, काँट्रॅक्ट कधी संपतंय. तिशीच्या पुढची आठ नंबर असलेला क्लब हा बावीस वर्षांच्या पोरीसाठी चॅम्पियन क्लबपेक्षा बरा. पैशाचं सांगायचं तर २०१३ ला लीग सुरू झाली तेव्हा किमान पगार वर्षाला ६,००० डॉलर होता, हो, वर्षाला. २०२५ ला ४८,५००, आणि २०३० पर्यंत ८२,५०० ठरलाय. आयटीवाल्या बापाला हसू येईल, पण डिग्री हातात असते ना. शिवाय २०२४ पासून यूएसएल सुपर लीग ही दुसरी प्रो लीग पण आहे, तिथंही जागा असतात.

आजी-आजोबांचा प्रश्न येणारच, भारताकडून खेळेल का? अमेरिकन पासपोर्ट असेल तर नाही, ओसीआय कार्डावर चालत नाही, भारतीय पासपोर्टच लागतो. पण आजोबांना सांगा की २०२५ च्या जुलैमध्ये भारताच्या बायकांनी थायलंडला २-१ हरवून आशिया कपमध्ये जागा मिळवली आणि दोन्ही गोल संगीता बासफोरचे, जी मिडफिल्डरच आहे. माझे वडील कोल्हापुरात पेठेत सांगत फिरले होते.

आणि ह्या सीझनमध्ये हॅरिसनला गोथमची, म्हणजे आपल्या जर्सीतल्या एनडब्ल्यूएसएल क्लबाची, मॅच बघायला जा. पोरीला गोलमागच्या सीटवर नको, वरच्या बाजूला, मधल्या रेषेच्या समोर बसवा. हातात खोका नाहीतर वही द्या. लव्हेल आता तिथंच खेळते. पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही, फक्त तिच्याकडे, आणि मान वळली की काडी.